कोपर ते वसई : परक्या वास्तूचे आपलेपण

डोंबिवलीच्या शेजारच्या कोपर स्थानकाला एक वरचा फलाट आहे. मुख्य मार्गावरून कल्याण-ठाण्याकडे रोज धावणाऱ्या लोकांपैकी अनेकांची त्यावर चढण्याची वेळ कधीच येत नाही. भिवंडीत गोदाम किंवा यंत्रमाग असलेल्या व्यापाऱ्यांना मात्र हा फलाट ठाऊक असतो, कारण दिवा-वसई मार्गावरील मोजक्या गाड्या येथे थांबतात. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी स्थानके घेत खाडी आणि मिठागरे ओलांडून ही गाडी साधारण तासाभरात वसई रोडला पोहोचते. एखाद्या रविवारी कुटुंबासह करावी अशी ही सहल आहे. तिच्या शेवटी ज्या वास्तू दिसतात त्या ख्रिस्ती असल्या, तरी त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न कोणत्याही धर्माच्या विश्वस्तांना लागू पडतो.

चर्च म्हटले की परदेशी इमारत, असा सर्वसाधारण समज आहे. तो निराधार म्हणता येणार नाही. उंच मनोरा, कमानदार दरवाजा, एका टोकाला वेदी आणि तिच्यासमोर लांबट सभागृह ही मांडणी युरोपातून आली. परंतु नकाशा परदेशातून आला म्हणून इमारतही परदेशातून येत नाही. दगड, चुना आणि लाकूड त्या त्या जागचेच असतात, पाथरवट आणि सुतारही तेथलेच, आणि पावसाळा तर कोणाच्याच नकाशाला जुमानत नाही. म्हणून जगात जेथे जेथे ख्रिस्ती धर्मगुरू गेले, तेथे तेथे त्यांच्या प्रार्थनागृहांनी स्थानिक रूप धारण केले. कोठे ते ठळक दिसते, कोठे शोधावे लागते.

जैन वाचकांना ही गोष्ट नवी वाटू नये. आबूच्या विमलवसहीत संगमरवराची जी नजाकत आहे, ती कर्नाटकातील मूडबिद्री येथे नाही. तेथे १४३० मध्ये बांधलेल्या सहस्रस्तंभ बसदीला मुसळधार पावसासाठी उतरती छपरे आहेत आणि प्रथम पाहणाऱ्यास ती नेपाळातील मंदिरांची आठवण करून देते. दोन्ही ठिकाणी मूर्ती तीर्थंकरांची आणि आराधना तीच. बदलले ते फक्त छप्पर. वसईला जाताना ही तुलना मनात असलेली बरी.

ठाणे-वसई परिसराचा आणि ख्रिस्ती धर्माचा संबंध पोर्तुगिजांच्याही आधीचा आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पुढे ओडोरिक नावाच्या इटालियन प्रवाशाने त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे चीनपर्यंत नेल्या. त्याआधी कितीतरी शतके वसईजवळचे सोपारे हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष मिळाले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडकीस आणला. थोडक्यात, जगाची ये-जा हा या किनाऱ्याचा जुना स्वभाव आहे. ठाण्याहून रस्त्याने जाणारा प्रवासी ज्या घोडबंदरावरून जातो, त्याच्या नावातही समुद्रमार्गे होणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराची खूण राहिली आहे.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी राहिली. समुद्र आणि खाडी यांच्या संगमावर तटबंदीचे शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांनी त्यात आपापली चर्चे आणि मठ बांधले. आज किल्ल्यात शिरणाऱ्याला झाडाझुडपांतून डोकावणाऱ्या छप्परहीन भिंती दिसतात, त्या यांच्याच.

संत जोसेफ यांचे मुख्य चर्च सर्वप्रथम नजरेत भरते ते त्याच्या उंच घंटाघरामुळे. मूळ बांधकाम सोळाव्या शतकाच्या मध्याचे आहे. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या काळात ते नव्याने बांधल्याची नोंद दरवाजावरील शिलालेखात आहे. येशूसंघीयांच्या चर्चची दर्शनी भिंत अधिक नटलेली असून दरवाजाच्या दोन्ही बाजूंस कोरीव खांब व त्यावर संघाची अक्षरमुद्रा आहे. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चमध्ये गेल्यावर दृष्टी आपोआप खाली वळते. तेथली फरशी म्हणजे पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. कोणी सरदार, कोणाची पत्नी, कोणाचे वारस, सारे पायाखाली.

या भिंतींच्या आकृती युरोपच्या असल्या तरी त्यांतील दगड सह्याद्रीच्या कुळातला काळा पाषाण आहे. कोकणात शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. कमान कशी वळवायची हे धर्मगुरूंनी सांगितले असेल, परंतु छिन्नी चालवणारे हात येथल्या पाथरवटांचे होते. पोर्तुगालातून गवंड्यांचे तांडे आणून एवढे शहर बांधणे त्या राज्याच्या आवाक्याबाहेरचे होते, हे हिशेब जाणणाऱ्या कोणालाही सहज पटेल.

व्यापारी वाचकांसाठी येथे एक विशेष बाब आहे. वसईचा हा दगड वसईतच राहिला नाही. गोव्यातील सुप्रसिद्ध बॉम जेझू बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली. तिच्या भिंती गोव्याच्या जांभ्या दगडाच्या आहेत, परंतु दर्शनी भागावरील खांब आणि कोरीव पट्टे वसईहून जहाजाने नेलेल्या काळ्या पाषाणाचे आहेत. जांभा भिंतीला चांगला, मात्र बारीक कोरीव कामाला टिकत नाही, म्हणून शेकडो किलोमीटरवरून दुसरा दगड मागवला गेला. आज गोव्याला जाणारे ठाणे-कल्याणचे पर्यटक ज्या दर्शनी भिंतीसमोर छायाचित्रे काढतात, तिच्यातील उत्तम भाग त्यांच्याच शेजारून गेलेला आहे!

देवाणघेवाण केवळ चर्चपुरती नव्हती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर कल्याणच्या खाडीत गलबते बांधण्यास सुरुवात झाली. त्या कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीर काही काळ होते. पुढे ते काम सोडून निघून गेले, पण कारखाना बंद पडला नाही, कारण तोवर स्थानिक सुतारांनी विद्या उचलली होती. बाहेरून आलेले ज्ञान घ्यावे आणि ते स्वतःच्या हातात बसवावे, हाच कोकणाचा शिरस्ता होता.

नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र योग्य होणार नाही. पोर्तुगीज राजवटीत धर्मप्रसार केवळ उपदेशाने झाला नाही. मंदिरे पाडली गेली, सण-विधींवर बंधने आली. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय १८१२ पर्यंत टिकले आणि त्याची दहशत उत्तरेकडील प्रांतापर्यंत पोहोचत होती. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेमागे हाही संताप होता. मे १७३९ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर आणि मोठ्या प्राणहानीनंतर वसई मराठ्यांच्या हाती आली. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर याच विजयाच्या नवसातून उभे राहिले.

विजयानंतर जे घडले ते अधिक लक्ष देण्याजोगे आहे. शरण आलेल्या पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. जे ख्रिस्ती रयत म्हणून मागे राहिले, त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. दोनशे वर्षांचा राग मनात असताना ही मुभा देणे सोपे नव्हते. चर्चमधील अवाढव्य घंटा मात्र सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या व आपापल्या दैवतांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या १७०७ च्या घंटेवर बाळ येशूसह मेरीची आकृती स्पष्ट दिसते, आणि भीमाशंकराच्या दारातही अशीच एक घंटा आहे. गेली पावणेतीनशे वर्षे भाविक या घंटा वाजवीत आले आहेत. ओतणाऱ्याने ती कोणत्या देवासाठी ओतली याचा घंटेच्या नादावर काही परिणाम झालेला नाही.

विचार करण्यासारखा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. १७३९ नंतर तटबंदीच्या आतली भव्य चर्चे ओस पडली. ज्यांनी ती बांधली, ज्यांच्या देणग्यांवर ती चालत होती आणि ज्यांची थडगी तेथे आहेत, ते जहाजात बसून गेले. छप्पर लाकडाचे आणि कौलांचे असते. दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी वर चढून फुटके कौल बदलावे लागते, कुजलेला वासा काढावा लागतो. ते करणारे कोणी उरले नाही. एकदा छप्पर गेले की पाणी भिंतीत शिरते आणि पिंपळाचे बी उरलेले काम करते. तोफांनी तटाचे नुकसान केले असेल, पण चर्चचे नुकसान मुख्यतः दुर्लक्षाने झाले.

त्याच वेळी किल्ल्याबाहेरच्या गावांत काय झाले? नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी, माणिकपूर, आगाशी येथील साधी चर्चे चालू राहिली. तेथील लोक शेतकरी, बागायतदार आणि मच्छीमार होते. त्यांना कोठे जायचे नव्हते. केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारी ही माणसे आपल्या मातीबरोबर आपले प्रार्थनागृहही सांभाळत राहिली. इमारती जुन्या झाल्या, पुन्हा बांधल्या, वाढवल्या, पण दिवा विझला नाही. राजाश्रय असलेली पाषाणी चर्चे ओसाड झाली आणि लोकाश्रय असलेली कौलारू चर्चे टिकली, हा वसईच्या इतिहासाचा ताळेबंद आहे.

कौलारू छपराचीही एक कथा आहे. कोकणातील घरे, कल्याणचे जुने वाडे आणि डोंबिवलीच्या चाळी ज्या मंगलोरी कौलांखाली उभ्या राहिल्या, त्या कौलांचा कारखाना मंगलोर येथे बासेल मिशनच्या जर्मन भाषक धर्मप्रचारकांनी १८६५ मध्ये सुरू केला. त्यापूर्वी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौले असत. आज 'अस्सल कोकणी घर' म्हणून ज्याचे चित्र काढले जाते, त्याचे तांबडे छप्परही अशा मिश्रणातूनच आले आहे. आपले आणि परके यांची सीमा जितकी ठाम समजली जाते तितकी ती नसते.

वसईच्या ख्रिस्ती समाजात ही सीमा जवळपास पुसली गेलेली दिसते. आडनावे लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज, पण घरातली भाषा मराठी किंवा सामवेदी म्हणजेच कादोडी बोली. जुन्या पिढीतील स्त्रिया अजूनही सणाला लाल चौकड्यांचे लुगडे नेसतात. घरांसमोर चौथऱ्यावर क्रूस दिसतो. त्याची जागा आणि बांधणी पाहिली की तुळशी वृंदावनाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर म्हणजे १९६२ ते १९६५ या काळानंतर लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा वसईची मिस्सा मराठीत होऊ लागली. मेरीला येथे भक्त मातमाउली म्हणतात. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. येथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

या मराठीपणाचा पाया चारशे वर्षांपूर्वी घातला गेला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला व येथेच मरण पावला. त्याने बायबलची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापलेले ते 'ख्रिस्तपुराण' होय. छपाई रोमन लिपीत, कथा पॅलेस्टाईनची, छंद मात्र संतांचा. दगडी चर्चच्या आधी त्याने भाषेचे चर्च बांधले असे म्हटले तर वावगे ठरणार नाही, आणि त्याचे छप्पर अद्याप शाबूत आहे.

वसईच्या किल्ल्यात एका चर्चवर पुन्हा छप्पर आले आहे. येशूसंघीयांचे जुने चर्च दुरुस्त होऊन आता संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांचा सण तेथे साजरा होतो. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचाच, १५५६ च्या सुमाराचा. तरुणपणी ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. पुढे त्यांनी तेथे स्वतंत्र व्यापार केला आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. जपानी भाषा त्यांना उत्तम येत होती. तरीही चालता व्यवसाय सोडून फिलिपाईन्सच्या मनिला शहरात त्यांनी फ्रान्सिस्कन संघाची दीक्षा घेतली आणि दुभाषी म्हणून ते जपानला परतले. तेथील सत्ताधीश हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. भरभराटीचा धंदा बाजूला सारून वैराग्य पत्करणारी माणसे ज्या समाजात पूजनीय मानली जातात, त्या समाजाला ही जीवनकथा परकी वाटणार नाही.

याच २६ हुतात्म्यांच्या स्मरणार्थ फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे चर्च बांधले. ते १८६४ च्या अखेरीस पूर्ण झाले. आराखडा युरोपीय, पण उभारणारे सुतार जपानी. १८६५ च्या मार्च महिन्यात जवळच्या गावातील काही माणसे तेथे आली आणि आपला धर्म तुमचाच आहे असे त्यांनी हळूच सांगितले. अडीचशे वर्षांच्या बंदीत, ना धर्मगुरू ना चर्च, अशा स्थितीत त्यांनी तो घराघरांत जपला होता.

शेजारच्या कोरियात हे मिश्रण आणखी स्पष्ट दिसते. तेथे धर्म प्रथम पोहोचला तो पुस्तकांतून. बीजिंगहून आलेले ग्रंथ वाचून विद्वानांनी चर्चा केली आणि १७८४ मध्ये यी सुंग-हुन याने बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला. पहिले कोरियन धर्मगुरू किम दे-गॉन १८४५ मध्ये नाव घेऊन ज्या नाबावी गावाच्या किनाऱ्याला लागले, तेथे १९०६ च्या सुमारास एक चर्च उभारले गेले. प्रारंभी ते पारंपरिक कोरियन घरासारखे होते, लाकडी खांब, मातीच्या भिंती आणि वर वळणदार कौलारू छप्पर. दशकभराने मातीच्या जागी विटांच्या भिंती आल्या आणि पुढे पाश्चात्त्य पद्धतीचा मनोरा उभा राहिला. समोरून पाहिले तर चर्च, बाजूने पाहिले तर कोरियन वाडा! आत मधोमध खांबांची रांग आहे. तिच्या एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसत. व्याख्यानाला उपाश्रयात बसण्याची रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना या व्यवस्थेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

नाबावी, ओउरा आणि वसई यांना जोडणारा धागा कोणता? प्रत्येक ठिकाणी वास्तू तेव्हाच टिकली, जेव्हा तेथील सामान्य माणसाला ती स्वतःची वाटली. देणगीदार मोठा असणे पुरेसे ठरले नाही, दगड उंची असणे तर नाहीच.

जुन्या वास्तूची काळजी घेताना चुकीच्या उत्साहाने काय होते, याचा धडा मात्र पुन्हा गोव्याकडून घ्यावा लागतो. बॉम जेझूच्या जांभ्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, वास्तू अधिक प्राचीन आणि रुबाबदार दिसावी या कल्पनेने पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून तो काढून टाकण्यात आला. आज तिचे जे तांबूस रूप पोस्टरांवर झळकते, ते त्यानंतरचे आहे. जांभा सच्छिद्र असतो. गिलावा हे त्याचे पावसाळी वस्त्र होते. ते उतरवल्यापासून दगड झिजत असून गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर जाणकारांत व भाविकांत वाद चालू आहे. जुन्या गवंड्यांनी जे केले ते अज्ञानाने नव्हे, अनुभवाने केले होते.

धर्मस्थळांचे विश्वस्तपद सांभाळणाऱ्या कुटुंबांनी यावर थांबून विचार करावा. जीर्णोद्धार या शब्दात 'उद्धार' आहे. जीर्ण झालेले उचलून धरणे असा त्याचा अर्थ होतो. व्यवहारात मात्र कधीकधी जुने लाकडी किंवा कौलारू देवालय संपूर्ण उतरवून त्या जागी नवे संगमरवरी शिखर उभारणे यालाच जीर्णोद्धार म्हटले जाते. काही वेळा ते अपरिहार्य असते, कारण वासे कुजलेले असतात, जागा अपुरी पडते, भाविकांची सुरक्षा महत्त्वाची असते. परंतु निर्णय होण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर याव्यात. पहिली, जुन्या वास्तूची सविस्तर मोजमापे, छायाचित्रे आणि शिलालेखांची नोंद. दुसरी, केवळ दुरुस्ती केली तर येणाऱ्या खर्चाचा स्वतंत्र अंदाज. पुष्कळदा हा दुसरा अंदाज मागवलाच जात नाही आणि नव्या बांधकामाचा आकडा एकटाच सभेपुढे येतो. ज्या निर्णयात तुलना नाही तो निर्णय बाजारात कोणी घेणार नाही. मग मंदिराच्या बाबतीत का घ्यावा?

त्याहून महत्त्वाचा मुद्दा देखभालीचा आहे. बांधकाम हा भांडवली खर्च असून त्याला शिला असते, नावाची पाटी असते, समारंभ असतो. गळके छप्पर, तुंबलेली पन्हळ, भिंतीत उगवलेले रोप यांच्यासाठी बोली लागत नाही. देवद्रव्य आणि साधारण खाते यांचा वेगळा हिशेब काटेकोरपणे ठेवणाऱ्यांना कोणते खाते नेहमी अशक्त असते हे सांगायला नको. वसईच्या किल्ल्यातील चर्चना बांधण्यासाठी पैसा कमी पडला नव्हता. कमी पडला तो दर वर्षी मे महिन्यात शिडी लावणारा माणूस. नवी वास्तू उभारताना खर्चाचा ठरावीक हिस्सा कायम निधी म्हणून बाजूला ठेवावा, मुद्दलाला हात लावू नये आणि केवळ व्याजातून वार्षिक दुरुस्ती करावी, हा नियम घटनेतच लिहिला गेला तर पुढच्या पिढीवर उपकार होतील.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणहून जाणाऱ्यांनी धीम्या लोकलने कोपरला उतरून वरच्या फलाटावरून वसईची गाडी धरावी. गाड्या थोड्या असल्याने परतीची वेळ आधीच पाहून ठेवणे अत्यावश्यक आहे. वसई रोडच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आवारात चिमाजी अप्पांचा अश्वारूढ पुतळा आहे, तसेच नागेश्वराचे मंदिरही आहे. सर्व पाहण्यास तीन तास सहज लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात हिरवळ सुंदर दिसत असली तरी निसरड्या पायऱ्या आणि मोडक्या जिन्यांपासून मुलांना दूर ठेवावे. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांची संख्या कमी नाही. आपल्या मुलांच्या हातून तसे होऊ नये एवढी दक्षता पालकांनी घ्यावी.

किल्ल्याबाहेरच्या एखाद्या गावातील चर्च पाहायचे असेल तर उपासना चालू नसताना जावे, आधी विचारावे, आत मोठ्याने बोलू नये. तेथे पादत्राणे काढण्याची प्रथा सर्वत्र नसते, पण काढून गेल्यास कोणाला वावगे वाटत नाही. भोजनाची सोय घरून करून नेणे इष्ट, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांनी दुपारनंतर लवकरच परतीला लागावे. येताना वसई-आगाशीची सुकेळी जरूर घ्यावी. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून केलेला हा पदार्थ टिकाऊ आणि गोड आहे. त्या मातीत राहिलेल्या माणसांच्या कष्टाची ती चव आहे.

किल्ल्यातून निघण्यापूर्वी मुलांना दोन गोष्टी दाखवाव्यात. एक, छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतीतून बाहेर आलेले पिंपळाचे मूळ. दुसरी, पुन्हा छप्पर चढलेले गार्सियांचे चर्च. एकच दगड, एकच चुना, एकच पाऊस. मग फरक कशाने पडला, हे त्यांनाच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत घाई करू नये.